सेटिंगचा वेळ

फर्निचरच्या धंद्यात भाव चौरस फुटावर ठरतो. कपाट असेल तर इतके फूट, किचनची ट्रॉली असेल तर इतके, दार नगावर. गिऱ्हाईक समोर उभे राहते, आम्ही कागदावर आकडे मांडतो, थोडी घासाघीस होते आणि काम ठरते. त्या कागदावर लाकूड असते, प्लाय असते, सनमायका, बिजागऱ्या, स्क्रू, गोंद, मजुरी, टेम्पोचे भाडे असते. मशीन लावायला लागणारा वेळ मात्र नसतो. गोल करवतीचे पाते बदलणे, ते टेबलाला समांतर आहे का पाहणे, गाईड पारखणे, गुण्या लावणे, नको तिथे आलेली ढिलाई काढणे, या सगळ्याला आमच्यात ‘सेटिंग’ म्हणतात. ती करताना लाकडाचा तुकडाही कापला जात नाही, म्हणून मालकाला वाटते कारागीर बसून आहे, कारागिराला वाटते आपली रोजी बुडते आहे. आम्ही आजवर तुटलेली जी बोटे पाहिली, त्यांतली बहुतेक या न मोजलेल्या वेळापायी गेलेली आहेत.

आम्ही तिघे भाऊ चिपळूणला फर्निचरचा छोटा कारखाना चालवतो. आमचे दादाजान आराकश होते. उर्दूत करवतीला आरा म्हणतात आणि ओंडके फाडणाऱ्याला आराकश. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खड्ड्यात उतरायचे आणि लांब करवत वर-खाली ओढत फळ्या पाडायच्या. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा, म्हणून तो कपाळावर फडके ओढून घ्यायचा. दिवसभर खपून थोड्याच फळ्या निघत, पण त्या करवतीने कुणाचे बोट गेल्याचे दादाजानच्या तोंडून आम्ही ऐकले नाही. माणसाचा हात थांबला की ती करवतही थांबायची.

हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये येते. सुताराच्या घरातल्या मुलांना हे लवकर सांगितले जाते. झाडात लपलेल्या जकरियांना झाडासकट करवतीने कापल्याचा किस्साही सांगितला जातो. तो हदीसमधला नव्हे, किस्से सांगणाऱ्यांचा आहे. लहानपणी दादीकडून तो ऐकताना आम्हांला रडू यायचे आणि दादाजानच्या करवतीकडे बघायची भीती वाटायची. आता वाटते, करवतीची थोडी भीती सुताराच्या मनात असलेली बरी. ती पूर्ण गेली की माणूस पात्यावरचे झाकण काढून ठेवतो.

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे. हातात धरून चालवायची विजेची गोल करवत अमेरिकेत १९२४ च्या सुमारास आली. आमच्याकडे ती पोहोचायला बराच काळ गेला, आणि पोहोचली तेव्हा तिच्यासोबतच्या अर्ध्या वस्तू वाटेतच गळून पडल्या होत्या. पाते आले, मोटर आली. पात्यावरचे झाकण, पात्यामागची सुरी, लाकूड ढकलायची काठी या गोष्टी आल्याच नाहीत, किंवा आल्या त्या पहिल्याच आठवड्यात काढून कोपऱ्यात टाकल्या गेल्या.

आमच्या टेबलाच्या करवतीला १२ इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरचे पाते लागते. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आहे. तिच्यावरची पुली करवतीच्या पुलीच्या दुप्पट, म्हणून पाते २८८० फेऱ्यांच्या आसपास फिरते. एका फेरीत पात्याच्या कडेवरचा दाता जवळजवळ ९४ सेंटिमीटर जातो. गुणाकार केला तर दात्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर येतो. आमच्या इथून जाणारी कोकण रेल्वेची कोणतीही गाडी इतक्या वेगाने धावत नाही. शिकाऊ पोरांना आम्ही हा हिशेब पहिल्याच दिवशी खडूने फळीवर करून दाखवतो. ‘सांभाळून’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा त्याने जास्त काम होते.

आमच्या अब्बांच्या उजव्या हाताचे अंगठ्याजवळचे बोट दोन पेरांनी कमी आहे. १९८९ मध्ये ते मुंबईत एका कारखान्यात कामाला होते. सागाची पट्टी उभी चिरत होते. लाकूड ओलसर होते. चिरून झालेला भाग पात्याच्या मागे एकमेकांकडे वळला आणि त्याने पाते चिमटीत धरले. टेबलाच्या करवतीत पुढचे दाते वरून खाली येतात, ते लाकडाला टेबलावर दाबून ठेवतात. मागचे दाते मात्र खालून वर येतात. लाकडाने मागे पाते धरले की तेच दाते लाकूड वर उचलतात आणि कामगाराच्या अंगावर फेकतात. पट्टी अब्बांच्या पोटाला लागून मागच्या भिंतीवर गेली. ते लागणे काहीच नव्हते. पट्टीला पुढे ढकलणारा हात, समोरचा आधार एकाएकी नाहीसा झाल्यावर, पात्यावर गेला. हे सगळे व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही, असे ते सांगतात. मालकाने दवाखान्याचे पैसे दिले, वर थोडी रक्कम दिली आणि गावी जाऊन विश्रांती घे म्हणाला. तिथे परत बोलावणे आले नाही.

त्या काळी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लागू होता. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या एकेका भागाचा भाव लिहिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद शंभरातली ३० ने कमी झाली असे धरायचे. अंगठ्याजवळचे पूर्ण बोट १४, त्याची दोन पेरे ११. अब्बांना हे तेव्हा कुणी सांगितले नाही. आम्ही ते वाचले तेव्हा फार वर्षे उलटून गेली होती. ११ चा तो आकडा आम्ही त्यांना कधी सांगितलेला नाही.

पण त्या बोटाचा आणखी एक हिशेब आहे, तो कोणत्याही परिशिष्टात बसत नाही. आम्ही कोकणी लोक शाफई. अत्तहिय्यातमध्ये कलिम्याच्या ठिकाणी उजव्या हाताचे ते बोट उचलायचे आणि सलामापर्यंत तसेच ठेवायचे. त्याला म्हणतातच शहादतचे बोट. मशिदीत सफमध्ये अब्बांच्या शेजारी बसलो की नजर खाली असते, आणि खालीच त्यांच्या मांडीवरचा हात दिसतो. वर येते ते एक पेर. नमाजमध्ये त्याने काही कमी होत नाही, असे मौलवीसाहेबांनी फार पूर्वी सांगितले आहे. अब्बांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

नवल असे, की बोट गेल्यावरही अब्बा झाकणाच्या विरोधातच राहिले. ‘माझा हात बसलेला होता, लाकूडच ओले होते,’ हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पिढीचे बहुतेक मिस्त्री असेच बोलतात. उघड्या पात्याजवळून चार बोटांवर हात फिरवणे हा त्यांच्यात कसबाचा दाखला असतो, आणि झाकण लावणारा म्हणजे कच्चा. अपघाताचा दोष लाकडाला, नशिबाला, फार तर नजरेला. मशीनची सेटिंग चुकली होती का, हा प्रश्नच निघत नाही. तो निघाला तर मालकालाही उत्तर द्यावे लागेल, हे एक कारण असावे.

आमचे चाचा १९९१ मध्ये शारजाला गेले आणि तिथल्या सुतारकामाच्या कारखान्यात सतरा वर्षे राहून दहाही बोटांनी परत आले. त्यांचे कसब अब्बांच्या निम्मेही नाही, हे ते स्वतःच कबूल करतात. सागाच्या दारावर वेलबुट्टी अब्बांनीच काढावी. पण चाचांना मशीन लावता येते. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या करवतीभोवती दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी एका फॅब्रिकेटरकडून लोखंडाची वाकडी सुरी बनवून आणली आणि ती पात्यामागे बसवली.

या सुरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगले जाणते मिस्त्रीही तिला शोभेची वस्तू समजतात. पाते लाकडात जी फट पाडते ती पात्याच्या पत्र्यापेक्षा रुंद असते. कारण दाते दोन्ही बाजूंना थोडे बाहेर आलेले असतात. आमच्या पात्याचा पत्रा २.२ मिलिमीटर आहे आणि फट पडते ३.२ मिलिमीटरची. सुरीची जाडी या दोहोंच्या मधली हवी. आम्ही अडीच मिलिमीटरची ठेवली आहे. पत्र्याहून पातळ असेल तर लाकूड मिटायचे ते मिटतेच, फटीहून जाड असेल तर लाकूड पुढे सरकतच नाही. सुरीची कड पात्याच्या गोलाईला धरून वळलेली असावी, दात्यांपासून तीन ते पाच मिलिमीटरवर, आणि टोक पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली. ती बरोबर पात्याच्या रेषेत आहे का हे पाहायला एक सरळ पट्टी आधी पात्याच्या एका बाजूला लावावी, मग दुसऱ्या. आमच्या मशीनमध्ये पाते जागच्या जागी राहते आणि टेबल वर-खाली होते. त्यामुळे सुरी खालच्या सांगाड्याला पक्की करता आली, टेबल किती का उचला, सुरी आणि पाते यांच्यातले अंतर बदलत नाही. चिरलेले लाकूड मिटू लागले की ते या सुरीवर मिटते, पात्यावर नाही. बस, इतकेच तिचे काम.

अब्बा आठवडाभर त्या सुरीकडे पाहून मान हलवत. मग सवय झाली.

२०२१ च्या जुलैमध्ये बकरीद २१ तारखेला आली. कारखाना बंद होता. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि २२ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्या अंदाजाने आम्ही हातमशिनी आणि प्लाय माळ्यावर चढवून ठेवलेली असायची. या वेळी माळाही बुडाला. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा गुडघाभर चिखल होता आणि प्लायच्या थप्प्या पाव भिजावा तशा फुगल्या होत्या. करवतीचे टेबल चिखलातून वर आलेले दिसत होते. कुर्बानीच्या गोश्ताचा वाटा द्यायला निघालेले लोक त्या दिवशी खिचडीची पाकिटे वाटत फिरत होते. मोहल्ल्यातली आमची पोरे आणि बाहेरगावाहून आलेली पोरे, कुणाचे दुकान कुणाचे न विचारता चिखल ओढत होती. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही करवतीकडे येतो.

शहरातल्या प्रत्येक बुडालेल्या घराचे दार फुगले होते. ब्लॉकबोर्डची कपाटे उकलली होती. आठ दिवसांत आमच्याकडे इतकी कामे आली की एरवी दोन वर्षांत येत नाहीत. लोक आगाऊ पैसे द्यायला तयार होते. घरात बायकामुले, दाराला फक्त पडदा, कुणाला थांब म्हणणार? आणि मशीन उभे करायचे म्हणजे पहिल्यापासून सगळे.

मोटर रिवायंडिंगला टाकली. बेअरिंगमध्ये गाळ बसला होता, ती धुऊन वापरायचा मोह झाला, पण चाचांनी नवीनच आणायला लावली. टेबल बिडाचे, त्यावर चार दिवसांत तांबूस गंज चढला होता. रॉकेलने धुतले, बारीक पॉलिश पेपर मारला, वरून मेण घासले. तेल लावायचे नाही, तेल लाकडात उतरते आणि पुढे पॉलिश धरत नाही. मग चारही पायांखाली पाचरी देऊन, लेव्हल ठेवून मशीन डुलणार नाही असे बसवले. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून पाहिले. पट्टा अंगठ्याने दाबला की अर्धा इंच आत जावा, इतकाच ताण.

पाते चढवण्यापूर्वी शाफ्टच्या दोन्ही चकत्या पुसायच्या. चकतीखाली भुशाचा कण जरी राहिला तरी कडेवर पाते लहरत फिरते. नट कोणत्या बाजूला सुटतो यावर दर वेळी वाद होतो. आम्ही एक खूण ठेवली आहे: पाते ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट फिरवला की सुटतो, उलट फिरवला की आवळतो. चालताना तो आपोआप सुटू नये म्हणून आटे तसे पाडलेले असतात. पात्याच्या भोकाचे माप शाफ्टशी तंतोतंत जुळायला हवे. भोक मोठे असेल तर त्याच मापाची बुश घालावी, पत्र्याची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेले असते. यंत्राचे फेरे त्याहून कमीच हवेत.

मग मुख्य काम. टेबलात सरकत्या गुण्यासाठी जी खाच असते तिला पाते समांतर हवे. एका दात्यावर खडूची खूण करायची, तो दाता पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजायचे, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचे. तोच दाता, दुसरा नाही, कारण पाते थोडे लहरत असले तर दोन दात्यांची मापे वेगळी येतात आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. फरक आला तर बेअरिंगच्या ठोकळ्यांचे बोल्ट सैल करून मोगरीने हलकेच ठोकायचे, पुन्हा मोजायचे. या एका कामात आमची अख्खी सकाळ गेली. बोल्ट आवळताना ठोकळा केसभर सरकतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. खाच जुळली की गाईड खाचेला जुळवायचा. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत, ते गाईड पात्याला जुळवतात आणि आडवा काप वाकडा का येतो म्हणून लाकडाला शिव्या देतात. गाईड मागच्या टोकाला केसभर बाहेर राहिला तर चालतो. केसभर आत आला तर लाकूड पात्यावर दाबले जाते, आणि पुढे काय होते ते वर लिहिले आहे.

काटकोनासाठी गुण्या पात्याच्या पत्र्याला लावावा, दात्याला टेकू देऊ नये. त्यानंतरची खातरजमा लाकूडच करते. सरळ फळीचा तुकडा उभा धरून कापावा, एक भाग उलटा करून दोन्ही काप एकमेकांना भिडवावेत. मधून उजेड दिसला तर जितकी चूक आहे तिच्या दुप्पट दिसते. दुप्पट दिसते म्हणूनच ही युक्ती चांगली. सूरह सबामध्ये हजरत दाऊदना चिलखतांच्या कड्यांचे माप नीट राखायला सांगितले आहे. आमच्या मौलवीसाहेबांनी एकदा जुम्याच्या बयानात ते सांगितले, तेव्हा अब्बांनी आमच्याकडे वळून पाहिले होते. नबीच्या हातात मऊ झालेल्या लोखंडालाही माप लागत होते, तर आमच्या हातातले लोखंड तर कठीणच आहे.

हे सगळे झाले आणि सुरी मिळेना. पुराने ती सांगाड्यावरून उपटून नेली होती की चिखलासोबत कुणी बाहेर टाकली होती, कळायला मार्ग नव्हता. शहरातले सगळे फॅब्रिकेटर दुकानांची शटरे दुरुस्त करण्यात अडकलेले. अब्बा म्हणाले, ‘सुरी येईल तेव्हा येईल, मशीन चालू करा. लोक उघड्या घरात झोपलेत.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. चाचा म्हणाले, ‘भाईजान, आज जे लाकूड चिरायचे आहे ते पाण्यातून निघालेले आहे.’ तेही खरे होते. बुडालेले साग आम्ही उन्हात वाळवले होते. असे लाकूड वरून वाळते, आत ओले राहते, आणि चिरताना त्याच्यातला ताण सुटला की ते वळते, मिटते. सुरीची सगळ्यात जास्त गरज होती ती याच वेळी.

बोलणे वाढले. सख्खे भाऊ, दोघेही साठी ओलांडलेले, आम्ही मध्ये उभे. चाचांनी शेवटी बोर्डावरचे किटकॅट फ्यूज उपसले, खिशात घातले आणि असरच्या नमाजला निघून गेले. दोन दिवस ते फ्यूज त्यांच्या खिशात होते. त्या दोन दिवसांत तीन दारांचे काम दुसरीकडे गेले. त्यातले एक गिऱ्हाईक वीस वर्षांचे होते. आम्ही हातकरवतीने जमेल तेवढे कापत राहिलो.

तिसऱ्या दिवशी खेर्डीहून सुरी बनून आली. ती बसवून पहिलीच फळी लावली. हातभर चिरून झाली असेल, तोच मागची फट मिटत आली आणि लाकडाने सुरी कचकन धरली. मोटर गुरगुरली, पट्टा घसरला, वास आला. फळी जागची हलली नाही. आम्ही बटण बंद केले. अब्बा दारात उभे होते. ते आत आले, खाली पडलेली एक लाकडी पाचर उचलली, फटीत घालून मोगरीने दोन ठोके दिले आणि फट उघडली. ‘चालू करा,’ म्हणाले. चाचा तेव्हा तिथे नव्हते.

त्या दिवसांत शहरात दुसरीच एक करवत जोरात होती. चार इंची मार्बल कटर. हे यंत्र फरशी कापायचे. त्याला लाकडाचे पाते लावून प्लायच्या पाटाखाली उलटे बांधायचे, पाटातून पाते वर काढायचे, बटण चालू स्थितीत अडकवायचे आणि म्हणायचे टेबल सॉ. स्वस्तात होते, खांद्यावर टाकून कुठल्याही साइटवर नेता येते. त्या कटरचे फेरे मिनिटाला बारा हजारांच्या आसपास असतात. वरचाच गुणाकार केला तर दात्याचा वेग ताशी २५० किलोमीटरला पोहोचतो. झाकण नाही, सुरी नाही, पाय लागेल असे बटण नाही, पाट ढकलला तरी सरकतो. ते वापरणाऱ्या पोरांना आम्ही नावे ठेवत नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला पोरगा ठेकेदाराकडे फुटावर काम करतो, यंत्र त्याचे स्वतःचे असते, मोठे यंत्र घ्यायला पैसे नसतात. नावे ठेवायचीच तर तो फुटाचा भाव ठरवणाऱ्याला ठेवावी लागतील, आणि त्यांत आम्हीही कधी कधी असतो.

त्यापेक्षा सात इंची हातकरवत बरी. तिला झाकण असते, खालचे झाकण स्प्रिंगने आपोआप मिटते. तेच पाचर मारून किंवा तारेने बांधून उघडे ठेवलेले आम्ही अनेक साइटवर पाहिले आहे. काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ते झाकण बोटाने उघडून सोडावे, खटकन मिटले पाहिजे. भुसा अडकून ते अर्धवट मिटत असेल तर करवत खाली ठेवताना तीच जमीन कापत पायाकडे येते. पाते लाकडाखाली दात्याच्या उंचीइतकेच बाहेर यावे. जास्त बाहेर काढल्याने काप लवकर होत नाही, फक्त खाली काय आहे तेही कापले जाते. या करवतीचे दाते खालून वर येतात, म्हणून सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवायची. टेबलाच्या करवतीत उलट, चांगली बाजू वर. उभ्या चिरण्याला २४ दात्यांचे पाते, प्लायला ६० किंवा जास्त. आणि सरळ काप हवा तर पातळ प्लायवर एक सरळ पट्टी पक्की करून तिच्या कडेने करवत एकदा चालवावी. प्लायची कापली गेलेली कड म्हणजेच पात्याची रेषा. ती कड खुणेवर ठेवली, शिकंज्याने आवळली, की मोजायची गरज उरत नाही. ही पट्टी बनवायला पंधरा मिनिटे लागतात आणि ती वर्षभर चालते.

काठी आमच्याकडे प्रत्येक मशीनला खिळ्यावर टांगलेली असते. हात आणि पाते यांत वीतभर अंतर राहत नसेल तर काठी घ्यायची, हा नियम. हातमोजे करवतीवर चालत नाहीत, दाता मोज्याला धरून हात ओढून नेतो. कुर्त्याची सैल बाही, गळ्यातल्या तावीजचा लोंबता दोरा, अकीकची अंगठी, सगळे बाजूला. तावीज काढायला सांगितले म्हणून एका पोराच्या आईला राग आला होता. तो शर्टाच्या आत खिशात ठेव, असे सांगून तिची समजूत घातली. नाकाला मात्र फडके नव्हे, चांगला मास्क. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, आणि खड्ड्यात उतरणाऱ्या आमच्या दादाजानच्या जोडीदाराला त्याचा पत्ताही नव्हता.

अमेरिकेत १९९९ मध्ये एकाने अशी करवत शोधून काढली की पात्याला ओले मांस लागताच ते काही हजारांश सेकंदांत थांबते. शरीरातून वीज वाहते, लाकडातून सहसा नाही, एवढ्यावर ते चालते. आमच्या भाच्याने तिची फिल्म अब्बांना मोबाइलवर दाखवली. अब्बांनी ती दोनदा पाहिली. किंमत विचारली. मग मोबाइल परत दिला.

पुरानंतर आम्ही कोटेशनच्या कागदावर एक ओळ वाढवली: मशीन सेटिंग, अर्धा दिवस. रक्कम फार नाही, एका माणसाच्या अर्ध्या रोजाची. चाचांना ती आवडली, अब्बांना हसू आले. बहुतेक गिऱ्हाइके विचारतात, हे काय? आम्ही समजावतो. काही देतात. गेल्या महिन्यात एका गृहस्थाने खिशातून पेन काढून ती ओळ खोडली आणि म्हणाला, ‘मिस्त्री, मशीन तुमचे, ते लावायचे पैसे आम्ही का द्यायचे?’ काम मोठे होते, सहा दारे आणि एक मांडणी. आम्ही ते घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ खडू घेऊन पात्याजवळ बसला होता, आणि दहा वाजेपर्यंत एकही फळी चिरली गेली नव्हती.